मूल महाग झालं तेव्हा : १९९१ नंतरचे दवाखाने, रेशन, शाळा आणि आमच्या गावातले जन्म

उपकेंद्र

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात भाच्याने मोबाईलवर एक भाषण पाठवलं. वक्त्याचं म्हणणं असं, की १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी लोकांच्या हातात पैसा आला, पैशाबरोबर शहाणपण आलं आणि म्हणून महाराष्ट्रात कुटुंबं लहान झाली. भाषण ऐकून मला रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून हे लिहायला बसले.

मी सांगली-कोल्हापूरच्या सीमेवरच्या वारणा खोऱ्यात ३३ वर्षं आरोग्यसेविका होते. लोक म्हणायचे नर्सबाई. १९८६ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. एक उपकेंद्र, चार गावं, सात वाड्या, मिळून पाच हजारांच्या आसपास माणसं. आमच्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. गावातलं मूल होण्याच्या वयातलं प्रत्येक जोडपं तिच्यात. बाईचं वय, मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, धाकटं केवढं, आणि काय वापरतात : तांबी, गोळ्या, निरोध की ऑपरेशन. दर एप्रिलला नवी वही आखायची. रकाने लाल शाईने, नोंदी निळ्या शाईने. रकाने आखता आखता बोटाला घट्टा पडायचा.

१९८७ च्या वहीत मुलांच्या रकान्यात चार, पाच, तीन, सहा असे आकडे होते. २००३ च्या वहीत दोन, दोन, एक, दोन. मधल्या सोळा वर्षांत हे कसं झालं, ते मी दारोदार फिरून पाहिलं आहे.

आधी मला वाटायचं, हे आम्हीच केलं. आम्हाला टार्गेट असायचं. मार्च आला की पोटात गोळा. केसेस कमी पडल्या तर पगार अडायचा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. टाक्याच्या ऑपरेशनसाठी बायकांच्या मागे लागायचो, सासूच्या विनवण्या करायचो. मग १९९६ च्या एप्रिलपासून सरकारने हे टार्गेट काढूनच टाकलं. आम्ही सगळ्या म्हणालो, आता कोण येतंय ऑपरेशनला. पण आल्या. आपल्या पायांनी आल्या. तेव्हा मला कळलं की कारण आमच्या वहीत नाही, त्यांच्या घरात आहे.

१९९९ सालची एक बाई सांगते. वय चोवीस, एक मुलगा, एक मुलगी, धाकटी सात महिन्यांची. ऑपरेशन कधी लावता म्हणून माझ्या मागे लागलेली. मी म्हटलं, अगं थोडं थांब, पोरगी अंगावर पिते आहे. तिच्या घरी आदल्या वर्षी सासऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात दुभती म्हैस गेली होती. उंबऱ्यावर बसून ती मला म्हणाली, "बाई, माझ्या सासूनं सहा काढली. तवा पोराला लागत हुतं काय, एक भाकरी जास्तीची. आता दप्तरापास्नं सलाईनपातूर समद्याला पैसं. तिसरं आलं तर हाय त्या दोघांच्या तोंडातला घास जातोय."

हिच्या हातात पैसा आला होता का? नाही. उलट तिच्या घरातला पैसा बाहेर चालला होता, आणि कशाकशाला चालला होता ते ती मला मोजून दाखवत होती. सरकारी दवाखान्यात केस पेपरचे पैसे, एक्स-रेचे वेगळे, रक्ताच्या तपासणीचे वेगळे. वर औषधाची चिठ्ठी : "बाहेरून आणा." माझ्या स्वतःच्या उपकेंद्रातही त्या काळात कधी कधी तापाच्या गोळ्यांचा डबा महिना महिना रिकामा असायचा. लोक यायचे, डब्याकडे बघायचे आणि निघून जायचे.

आता ज्यासाठी धागा काढला ते लिहिते. मूल महाग झालं, आणि मग कोणतं मूल घ्यायचं याची निवड सुरू झाली. २००० च्या आसपास माझ्या वहीत नव्या प्रकारच्या नोंदी येऊ लागल्या. पहिल्या दोन मुली. तिसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यात गरोदर म्हणून नाव नोंदवलेलं. चौथ्या महिन्यात मी लोहाच्या गोळ्या द्यायला जायची तर सासू सांगायची, "पडलं बाई. वझं उचललं." एक, दोन, पाच. सगळी ओझी चौथ्याच महिन्यात कशी उचलली जातात? आणि ज्यांचं पहिलं मूल मुलगा, त्यांच्यातल्या कुणालाच ओझं बाधत नव्हतं. मी रकान्यात "आपोआप गर्भपात" असं लिहीत गेले. माझ्या हाताने लिहिलं आहे.

२००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली सांगलीत ८५१ आणि कोल्हापुरात ८३९ निघाल्या. मला आकडा ऐकून धक्का बसला नाही. मी तो लिहीतच होते.

तुमच्या भागात, तुमच्या घरात काय पाहिलंत? खरंखुरं लिहा. त्यासाठीच विचारते आहे.

हिशेबनीस

ताई, धागा वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तरीही दोन गोष्टींवर मतभेद नोंदवतो, राग मानू नये.

पहिली गोष्ट, जन्मदराची घसरण ९१ च्या आधीची आहे. जन्म-मृत्यूच्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रात १९७१ साली एका बाईमागे सरासरी ४.६ मुलं होती, १९९१ साली ३. म्हणजे मोठी उतरण सुधारणांच्या आधीच झाली होती. बायकांचं शिक्षण, लसीकरण, मूल जगण्याची वाढती खात्री ही कारणं त्यामागे आहेत. मूल जगेल याची खात्री पटली की माणसं कमी मुलांवर थांबतात. तुमच्या वहीतल्या सासूची सहा मुलं ही फक्त भाकरी स्वस्त होती म्हणून नव्हती. सहातली किती जगतील हे ठाऊक नव्हतं, हेही त्यात होतं.

दुसरी गोष्ट, ९१ साली पर्याय काय होता? तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवावं लागलं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन, २४ जुलैला मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज. तूट कमी करा ही त्या कर्जाची अटच होती. आणि सुधारणांनंतर बालमृत्यू वाढले नाहीत, घटले. राज्यात हजार जन्मांमागे १९९१ साली ६० अर्भकं दगावत होती, २०२० साली १६. हेही खरं आहे, आणि ते तुमच्यासारख्या बायकांनी करून दाखवलं आहे.

उपकेंद्र

हिशेबनीस दादा, राग कसला. सासूच्या सहातली दोन गेलीच होती, एक गोवरात, एक हगवणीत. तुमचं ते म्हणणं मला पटलं. पण खाली उतरणाऱ्या आकड्याबद्दल माझी तक्रारच नाही. चारवरून तीनवर येताना माझ्या वहीत मुलगे-मुली सारखेच कमी होत होते. तीनवरून दोनवर आणि एकावर येताना मुलीच कमी झाल्या. ते ९१ नंतरचं आहे.

तालुक्याची_डॉक्टरीण

मी १९९४ ते २००१ एका ग्रामीण रुग्णालयात होते, नंतर तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकला. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून लिहिते.

हिशेबनीस यांनी तूट कमी करण्याचं सांगितलं. तूट कशातून कमी झाली तेही पाहायला हवं. केंद्राच्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलं आहे की आरोग्यावरचा सरकारी खर्च १९९० साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३ टक्के होता, तो १९९९ साली ०.९ टक्क्यावर आला. टक्केवारीत हा फरक बारीक दिसतो, वॉर्डात तो बारीक नसतो. पगार कुणी कापत नाही. कापलं जातं ते औषध, फिल्म, सलाईनचे सेट, गाडीचं डिझेल. आमच्याकडे एक्स-रेचं यंत्र होतं, फिल्म नव्हत्या. रुग्णवाहिका होती, डिझेल नातेवाइकांनी भरायचं. भूलतज्ज्ञाचं पद होतं, माणूस नव्हता. रात्री आडवं आलेलं मूल पुढे पाठवताना बाईच्या नवऱ्याला "गाडीची सोय करा" हे शब्द मी किती वेळा सांगितले असतील, मोजदाद नाही. त्या पुरुषांचे चेहरे मला अजून दिसतात.

त्याच दशकात राज्यात जागतिक बँकेच्या कर्जातून दुय्यम रुग्णालयं सुधारण्याचा प्रकल्प आला. इमारती चांगल्या झाल्या, यंत्रं आली, हे मी नाकारणार नाही. पण वापरणाऱ्याने थोडं शुल्क द्यावं हा विचारही त्याबरोबर घट्ट झाला. पिवळं, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड असलेल्यांना सवलत होती. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई कार्ड शोधून आणत नाही. आणि कार्डच नसलेला गरीब माणूस आमच्याकडे पिवळ्या कार्डवाल्यापेक्षा जास्त यायचा.

औषधांचंही तसंच. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधांच्या किमती सरकारच्या ताब्यात होत्या, १९८७ ला १४२ राहिल्या आणि १९९५ ला ७६. वरून चिठ्ठी बाहेरची. राष्ट्रीय नमुना पाहणीचे दोन आकडे शेजारी ठेवा. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागात दाखल होणाऱ्या शंभरातले साठ रुग्ण सरकारी दवाखान्यात जात होते, १९९५-९६ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास. आजार अंगावरच काढणाऱ्यांत पैसे नाहीत हे कारण सांगणारे ग्रामीण भागात शंभरात पंधराच्या आसपास होते, ते चोवीसवर गेले.

सोनोग्राफीबद्दल डॉक्टर म्हणून मला गप्प बसता येणार नाही. उदारीकरणानंतर ही यंत्रं देशातच बनू लागली, कर्जावर मिळू लागली. तालुक्याच्या गावात ज्याने यंत्र हप्त्यावर घेतलं त्याला हप्ता फेडायचा होता. गर्भाचं लिंग ओळखण्याच्या तपासणीविरुद्ध कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ सालीच केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा होता, राबवणारी माणसं नव्हती. सरकारी यंत्रणा आकसत होती आणि खाजगी यंत्रणेवर लक्ष ठेवायचं काम त्याच आकसलेल्या यंत्रणेकडे होतं. आमच्या व्यवसायातल्या काहींनी त्या काळात जे केलं त्याची लाज मला आजही वाटते.

व्होल्गाकाठ

धाग्याचा विषय महाराष्ट्राचा आहे, पण एक अनुभव जोडतो. जन्म कमी झाले म्हणजे भरभराट झाली, या समजुतीला तो थेट लागू आहे.

मी १९८९ मध्ये डॉक्टरीच्या शिक्षणासाठी तेव्हाच्या सोव्हिएत रशियात गेलो. आमच्या वसतिगृहात मराठी मुलं बारा-तेरा होतो. २ जानेवारी १९९२ ला सरकारने बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे केले. आदल्या दिवशी परवडणारं लोणी आठवड्याने परवडेना. वर्ष संपेपर्यंत भाव पंचवीसपटींच्या पुढे गेले. आमच्या भूगोलाच्या जुन्या बाई, निवृत्त शिक्षिका, मेट्रोच्या दारात उभ्या राहून आपल्या घरातले चमचे विकत होत्या. बर्फात. हातात सहा चमचे, रुमालावर मांडलेले. मी ओळखलं, त्यांनी मान वळवली.

तिथे कारखान्यांच्या बालवाड्या असायच्या. कारखाना बंद तर बालवाडी बंद. घटसर्पाची साथ आली, जी आम्ही पुस्तकात इतिहास म्हणून वाचली होती. १९९० साली रशियात जवळजवळ २० लाख मुलं जन्मली होती, १९९९ साली साधारण १२ लाख. पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ च्या जवळ होतं, १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आलं. ती काही युद्धाची वर्षं नव्हती, तरी पंचेचाळिशीचे बाप मरत होते, हृदयाने, दारूने, हताशपणाने. बायका म्हणायच्या, आधी उद्याचं कळू दे, मग मूल. २००७ पासून सरकार दुसऱ्या मुलासाठी मोठी रक्कम देऊ लागलं, तरी न जन्मलेली ती पिढी काही परत येत नाही.

आपल्याकडे एवढं भयंकर झालं नाही, कारण आपल्या सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या आणि माणसं शेतीला धरून होती. पण ताईंच्या उंबऱ्यावरची ती बाई आणि माझ्या वर्गमैत्रिणी एकच गोष्ट बोलत होत्या.

खडू_फळा

जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. सातारा जिल्हा, डोंगरी भाग.

मी २००३ साली शिक्षण सेवक म्हणून लागलो, महिना तीन हजार रुपये मानधन, तीन वर्षं. राज्याने २००० साली ही योजना आणली ती खर्च वाचवायलाच. त्या तीन हजारांत भाड्याची खोली आणि गावी आईला पाठवायचे पैसे बसत नव्हते, म्हणून संध्याकाळी शिकवण्या घ्यायचो. म्हणजे सरकारने वाचवलेला पैसा गावातल्या पालकांनीच शिकवणीच्या रूपाने भरला. शिकवणी लावणाऱ्या एका वडिलांनी मला विचारलं होतं, "सर, शाळा तुमचीच, शिकवणी पण तुमचीच, मग मी पैसे कशाचे देतो?" मला उत्तर देता आलं नाही.

आता उलटं चाक फिरलं आहे. आज माझ्या शाळेचा पट अकरा आहे. पहिलीत यंदा दोन मुलं. दोन्ही मुलगे. सकाळी साडेसातला फाट्यावर पिवळी गाडी येते आणि सात-आठ मुलांना अठरा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. ती मुलं मला हात करतात, ओळखतात, कारण त्यांचे बाप माझ्याच हाताखाली शिकले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात २०२३ च्या सुमारास पंधरा हजारांच्या घरात होत्या. २०२३ साली त्या एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले होते. ज्या घराने शाळेच्या खर्चाला भिऊन एकच मूल ठेवलं, त्या घराला उद्या सांगणार, मुलं कमी म्हणून शाळा बंद. मग ते मूल गाडीत बसणार आणि खर्च आणखी वाढणार.

मुलं कमी झाली तर त्याच पैशात प्रत्येक मुलावर जास्त खर्च करता आला असता. ती संधी होती. एकाला एक शिक्षक, वाचनालय, तपासणीला डॉक्टर. ते न करता आपण कुलूप शोधतो आहोत याचं मला फार वाईट वाटतं.

बार्शीकडचा

इथं बहुतेक मोठी माणसं आहेत, मी १९९२ चा जन्म. साडेचार एकर, विहीर, दोन म्हशी. लग्न नाही.

चौथीच्या वर्गाचा फोटो आहे माझ्याकडे. ताईंचा धागा वाचून काल काढून मोजला. मुलगे एकोणीस, मुली अकरा. त्या वयात कुणी मोजतं का? फोटोत मी दुसऱ्या ओळीत हसतोय.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्न न झालेल्या पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. देशभर व्हिडिओ फिरला, लोक हसले. माझ्या ओळखीचे दोघे त्यात होते. एकाची आई मोर्चाच्या दिवशी घरात दार लावून बसली होती.

स्थळं बघायला जातो तेव्हा मुलीकडचे विचारतात, नोकरी आहे का, पुण्यात फ्लॅट आहे का. त्यांचंही चुकत नाही. शेतीत काय उरलंय हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आईला मधल्या वर्षांत काय झालं होतं, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. आम्ही दोघं भाऊ. मोठ्यात आणि माझ्यात सहा वर्षांचं अंतर आहे. काल रात्री विचारावंसं वाटलं. ती भाकरी थापत होती. नाही विचारलं.

गटप्रवर्तक_बीड

ताई, मी आशा म्हणून २००९ ला लागले, आता गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करते. बीडचा २०११ चा आकडा ८०७ होता, राज्यात सगळ्यांत वाईट. दहा वर्षांआधी ८९४ होता. त्यावर पुष्कळ लिहून आलं म्हणून त्यात शिरत नाही.

आमच्याकडचं दुसरं सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, एकट्याला नाही. म्हणून मुलगा अठराचा झाला की लग्न, मुलगी पंधरा-सोळाची. दिवाळीनंतर सहा महिने फडावर, तिथं अंगणवाडी नाही, दवाखाना नाही, न्हाणी नाही. पाळीत काम चुकलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापतात. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खाजगीत दाखवायला गेली की गर्भाची पिशवी काढा म्हणतात, नाहीतर कॅन्सर होईल. पंचवीस-तीस वयाच्या बायकांच्या पिशव्या काढल्या. २०१९ मध्ये बोभाटा झाला, सरकारने समिती नेमली, पाहणी झाली.

यात ९१ कुठं, असं कुणी विचारेल. माझ्या दृष्टीने इथं : जवळचा सरकारी दवाखाना चालता असता, तिथं बाईडॉक्टर असती, तर ती पिशवी वाचली असती. औषधाच्या एका कोर्सचं काम होतं. उचल घेऊन ऑपरेशन केलं आणि ती उचल फेडायला पुन्हा फडावर गेली.

आमचं मानधन, कामावर आधारित मोबदला, त्यासाठीचे संप, हा वेगळा धागा होईल. पण एवढं लिहिते, की २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा पैसा परत आला आणि फरक दिसला. राज्यात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली जेमतेम ४४ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, आता ९५ च्या जवळ होतात. सरकार उतरलं तर होतं. आम्ही केलं आहे, म्हणून सांगते.

हिशेबनीस

या प्रतिसादांनंतर माझं आधीचं म्हणणं थोडं दुरुस्त करतो.

९१ चे निर्णय टाळता आले नसते, हे मत कायम आहे. पण तूट कुठून भरून काढायची ही निवड होती. नव्वदच्या दशकात केंद्राचा कर महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत वाढायच्या ऐवजी घसरला, कारण आयात शुल्क आणि उत्पादन शुल्क कमी केलं आणि त्याची भरपाई दुसरीकडून झाली नाही. राज्यांच्या वाट्याला कमी आलं. त्यात पाचवा वेतन आयोग. राज्यांनी पगार आणि व्याज दिलं आणि बाकी सगळीकडे हात आखडला. आरोग्य, शाळा, पाणी हे बहुतेक राज्यांचेच विषय. म्हणून घाव तिथं बसला. मी त्या काळात फायली पाहिल्या आहेत. औषध खरेदीची मागणी अर्धी करून परत पाठवायची आणि "पुढील हप्त्यात विचार करावा" असा शेरा मारायचा, ही रीत होती. शेरे मारणाऱ्यांत मीही होतो.

रेशनचा विषय इथं कुणी नीट काढला नाही म्हणून लिहितो. १९९७ च्या जूनपर्यंत रेशन सगळ्यांना होतं. त्यानंतर दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे भाग पाडले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं कार्ड आलं. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न तर पिवळं. पंधरा हजार एक झाले की केशरी. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेबाराशे रुपये म्हणजे काय, ते या धाग्यावर सांगायला नको. २००० साली केशरीवाल्यांच्या धान्याचा भाव सरकारच्या पूर्ण खर्चाइतका केला, बाजारात आणि दुकानात फरकच उरला नाही, माणसांनी रेशन उचलणं सोडलं. २००२ च्या जुलैत सरकारी गोदामांत सहा कोटी टनांवर धान्य पडून होतं. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ ला बालकं भुकेने गेली, मेळघाटात जात होती. ते दुखणं ९१ च्या आधीपासूनचं होतं, त्याचं खापर सुधारणांवर फोडणं बरोबर नाही. पण गोदामं भरलेली असताना केशरी कार्ड हातात देऊन माणसाला परत पाठवणं हे मात्र ठरवून केलेलं होतं.

तालुक्याची_डॉक्टरीण

हिशेबनीस, शेऱ्याबद्दल प्रांजळपणे लिहिलंत, आभार. ती अर्धी झालेली मागणी आमच्याकडे यायची.

आणखी एक. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार पूर्ण मोफत केले. केस पेपरचेही पैसे नाहीत. म्हणजे शुल्काचा तो विचार राज्याने अखेर मागे घेतला. माझ्या दवाखान्यातले काही पेशंट त्या महिन्यात कमी झाले. मला आनंद झाला, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. आता तिथं औषध आणि डॉक्टर दोन्ही असायला हवेत.

उपकेंद्र

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

हिशेबनीस दादा, तुमच्या शेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माझा रिकामा डबा होता, तो जोडून दिलात.

गटप्रवर्तक ताई, पिशव्यांचं आमच्याकडेही पाहिलं आहे, फड नसलेल्या घरांतही. तुमच्या मोबदल्याचा धागा काढाच, मी लिहीन.

गुरुजी, तुमच्या पहिलीतली दोन मुलं साधारण २०१८-१९ चा जन्म असतील. त्या वर्षीच्या माझ्या चारही गावांतल्या नोंदी मला तोंडपाठ आहेत, निवृत्तीचं वर्ष होतं. एकूण जन्म ५८. मी लागले त्या वर्षी १६० च्या वर होते. शाळा बंद करायला येतील तेव्हा पट दाखवतील. तुम्ही त्यांना हेही दाखवा की त्या अकरांपैकी किती जणांचं वजन, उंची, डोळे कुणी तपासले.

बार्शीच्या पोरा, तुझा निरोप वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. आईला विचारायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण विचारलंस तर एकटीला विचार, घरात दुसरं कुणी नसताना. आणि ती रडली तर काही बोलू नकोस, शेजारी बसून राहा. मला ज्यांनी नंतर सांगितलं, त्या बहुतेक बायका वीस वर्षांत पहिल्यांदाच ते बोलत होत्या. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, "बाई, वहीत तुमी काय लिवलं हुतं माझं?" मी तिला खोटं सांगितलं की आठवत नाही.

वह्या सरकारच्या, त्या मी जमा केल्या. पण १९९६ ते २००४ चे रकाने मी तेव्हाच एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतले होते, नावं न घालता, फक्त आकडे : वय, मुलगे, मुली, नोंदवलेलं गरोदरपण, पुढे काय. कशासाठी उतरवले ते तेव्हा कळलं नव्हतं. चौथ्या महिन्यात "पडलं" अशा नोंदी किती आणि त्यातल्या किती जणींच्या आधीच्या दोन्ही मुलीच होत्या, ते मी अजून एकत्र मोजलेलं नाही. आता मोजणार आहे. उद्या गावचा बाजार आहे, परवा नातवाला शाळेत सोडून बसते. इथंच लिहीन.